माझ्या लग्नातला मामाचा मान

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तो धडधाकट होता तेव्हाही त्याच्या तोंडावर बोलले होते, भर मांडवात, त्यामुळे आता मेल्यावर बोलते म्हणून मला कुणी भेकड म्हणायचं कारण नाही. तो माझा सख्खा मामा. आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून लहान, तिनं कडेवर खेळवलेला. तो गेल्याचा निरोप आला त्या दिवशी मी सुतक पाळलं नाही. वाटण वाटलं, मटण शिजवलं आणि पोटभर जेवले.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर कुसळं. मामाची वस्ती देवळाली प्रवरेच्या अलीकडं, पाटाच्या पाण्यावर. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी भरायचं, आणि तिकडं ऊस पुरुषभर उंच. गुऱ्हाळ भर उन्हाळ्यापर्यंत चालायचं, रस प्यायला मिळायचा. म्हणून शाळेला सुट्टी लागली की आई माझं गाठोडं बांधायची. मामाच्या गावाला जायचं म्हणजे पोरांचा सण, असं आपल्याकडं सगळेच मानतात. बाप मारतो, चुलता जमिनीवरून भांडतो, पण मामा म्हणजे नुसती माया. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं ते कधी तपासूनही बघितलं नाही. शेजारच्या गावच्या जत्रेला ती मला एकटीला सोडत नसे. मामाकडं महिना-महिना सोडायची.

त्यानं काय केलं ते मी लिहिणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि ज्याला कळूनच घ्यायचं नाही त्याला कितीही उलगडून सांगितलं तरी तो वर बघून विचारणार, मग पुढं काय झालं. अशांचे डोळे मला ठाऊक आहेत. मी आठ-नऊ वर्षांची होते आणि ते काही उन्हाळे चाललं, एवढं पुरे.

पण त्यानं माझं काय झालं ते लिहिते, कारण तेच कुणाला ऐकायचं नसतं. मी अंथरूण ओलं करायला लागले. एवढी मोठी पोर अंथरूण ओलं करते म्हणून आई फटके द्यायची आणि गोधडी मलाच धुवायला लावायची. आबांनी, माझ्या वडिलांनी, मायेनं डोक्यावर हात ठेवला तरी मी वाकून निसटायचे. ते खजील व्हायचे. हळूहळू त्यांनी हात ठेवणंच सोडलं. बापाची माया मामानं अशी परस्पर खाल्ली, आणि आबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की ही पोर मुळातच आढ्यताखोर. शाळेत माझे पाढे तोंडपाठ होते, ते कुठं गेले कळलं नाही. गुरुजी हाक मारायचे आणि मला ऐकूच यायचं नाही. मग छडी. गुळाचा वास आला की उलटी व्हायची. आमच्या घरात गूळ म्हणजे सणाची वस्तू, आणि ही कार्टी ओकते, म्हणून परत फटके.

पहिल्याच उन्हाळ्यानंतर मी आईला सांगितलं होतं. त्या वयाच्या पोरीकडं शब्द तरी कुठले असणार? मामा वाईट आहे, मला तिकडं पाठवू नको, म्हणाले. का, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. आई सुपानं बाजरी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. भाचीची थट्टा मामानं नाही करायची तर कुणी, असं म्हणाली आणि पाखडत राहिली. पुढच्या सुट्टीत माझं गाठोडं बांधलं. कुंपणानंच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला, ही म्हण मोठी माणसं किती सहज वापरतात. मी ती जगले.

शेवटच्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट कळत होती, की पोर आजारी पडलं की त्याला त्याच्या आईकडं पाठवतात. मी आजारी पडावं म्हणून देवाला नवस बोलले. ताप येईना. एके दिवशी सकाळी गुऱ्हाळावर काहिलीतला गूळ नुकताच वाफ्यात ओतला होता, म्हणजे थंड व्हायला पसरट खड्ड्यात टाकतात तसा. मी जाऊन त्यात डावा हात बुडवला. जाणूनबुजून, मनगटापर्यंत. गूळ पाण्यासारखा सुटत नाही, तो चिकटून बसतो. कातडी त्याच्याबरोबर आली. मला त्याच दिवशी बैलगाडीत घालून आणि पुढं एस.टी.नं घरी आणलं, आणि त्यानंतर आईनं मला पाठवलं नाही. जिंकले मी. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत.

आणि लोक काय म्हणाले? पोर गुळाची हावरी. मामाच तसं सांगत फिरला. दिवाळीला आला की चार माणसांत हसत हसत सांगायचा, हिला काय दम निघंना, गरम गुळात हात घातला हो हावरीनं. सगळे हसायचे. आईसुद्धा. जी पोर गूळ बघून ओकते ती गुळासाठी हात कशी भाजून घेईल, एवढा साधा हिशोब त्या भरल्या घरात एकानंही मांडला नाही. हावरी हे माझं नावच पडलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळापर्यंत आटल्या. आई-आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकन ज्वारीच्या, लाल भाकरी, घशाखाली उतरता उतरत नसत. माणसं कशीबशी जगत होती, पण जनावरांना काही नव्हतं. त्या वर्षी मामा देव झाला. त्याच्याकडं ऊस होता, आणि उसाची वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, तो ट्रकनं आमच्या गावाला पाठवायला लागला. आमच्याच गोठ्याला नाही, सगळ्या आळीला. ट्रक आला की माणसं पळत जायची. ज्यांचे गाई-बैल त्या वाढ्यावर जगले त्यांनी मामाचं नाव घेताना हात जोडायला सुरुवात केली. गळ्यात तुळशीची माळ होतीच त्याच्या. आता काय, सोन्याहून पिवळं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. घरी विधवा आई. मी सतरा वर्षांची होते. लग्नाचं मला दुःख नव्हतं, उलट या घरातून सुटका होईल म्हणून बरंच वाटलं होतं. पण माझ्या पाठीवर, मधली दोन दगावल्यावर, एक बहीण होती. ती आठ वर्षांची. आईनं एक दिवस सहज सांगितलं, की लग्न झालं की धाकटीला मामाच्या ट्रकमधनंच देवळालीला पाठवणार आहे. तिथं पोटाला मिळेल, दूध मिळेल, शाळाही चांगली आहे. मामा स्वतःच म्हणाला होता, पोरीला माझ्याकडं ठेव, माझ्या लेकीसंगं वाढंल.

मी हंडा घेऊन उभी होते. गावात टँकर आला होता आणि रांगेतून बायका हाका मारत होत्या. मी हंडा तिथंच टाकला आणि आईला गोठ्यामागं ओढत नेलं. या वेळी माझ्याकडं शब्द होते. एक शब्द गाळला नाही.

आई ऐकत होती. तिचं तोंड पांढरं पडलं हे मी या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे तिला पटलं होतं. आणि पटल्यावर ती जे बोलली त्याबद्दल माझा राग जास्त आहे. म्हणाली, तू लहान होतीस, लहानपणीचं काहीबाही डोक्यात राहतं. मग म्हणाली, समजा झालंच असेल काही, तर तुझं मोडलं काय? हात-पाय धड आहेत, चांगलं स्थळ मिळालंय. मग म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकातून एक काढत गेली. आधी झालंच नाही, मग झालं पण काही बिघडलं नाही, मग बिघडलं पण बोलायचं नाही. पुढं आयुष्यभर मी हीच पायवाट निरनिराळ्या माणसांना तुडवताना बघितली आहे.

मी एवढंच म्हणाले की माझं राहू दे, धाकटीला पाठवू नको.

“मग तिला काय खायाला घालू? खडी?” आई म्हणाली. “आन् माझं म्हायेर त्येवढंच हाय. आपलेच दात आन् आपलेच ओठ. कुनाला तोडू?”

तिचं खरं होतं, असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. भूक होती, दुष्काळ होता, माहेर तुटलं की बाई उघडी पडते. ठाऊक आहे मला. पण पोरीचं पोट भरायला पोरगीच द्यायची असेल तर त्या पोटाला आग लागो.

आबांना सांगितलं. ते खडी फोडून आले होते, हातावरचे फोड बघत बसले. मग म्हणाले, लग्न पार पडू दे, मग बघू. लग्न पार पडल्यावर मी नागापूरला आणि धाकटी त्या ट्रकमध्ये. काय बघणार होते?

आईला भीती वाटली असावी की मी लग्नात काही तमाशा करीन. तिनं मला शाळेतल्या गुरुजींकडं नेलं. शिकलेला माणूस, वर्तमानपत्र मागवणारा, गावातली भांडणं मिटवणारा. आईनं आडून आडून सांगितलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसली. गुरुजींना सगळं समजलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला समजावलं.

“हे बघ बाळ, लहान मुलाला त्यातलं काही कळत नसतं. मोठी माणसं गवगवा करतात, त्यानं मूल घाबरतं. खरं नुकसान त्या गवगव्यानं होतं. तू एव्हाना विसरून गेली असतीस.”

“गुरुजी, गवगवा केला कुनी?” मी म्हणाले. “समदी गप्पच हुती. मंग म्या गुळात हात का घातला?”

मी तो हात त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. पोरगी डोक्यानं गरम आहे, लग्न झालं की ठिकाणावर येईल, असं त्यांनी आईला सांगितलं. चहा दिला आम्हाला, मिलोच्या दिवसांत साखरेचा चहा.

गुरुजींचा तो मुद्दा पुढं मी नगरात चांगल्या चांगल्या लोकांकडून ऐकला. पोराला त्यात दुखलं नसेल तर काय झालं. ते मायेचंच असतं, जग त्याला वाईट ठरवतं. तुम्ही विचारून विचारून त्यांच्या डोक्यात भरवता. काहींना तर तो मायेचा मामला वाटतो, आणि त्यात त्या पोरालाही हवं होतं असं सुचवायला ते कचरत नाहीत. हे बोलणाऱ्यांना मी एकच विचारते, की तुम्ही कधी अशा पोराची गोधडी धुतली आहे का? मी धुतली आहे, माझी मीच. मला कुणी काही भरवलं नव्हतं. मला तर उलट रोज सांगितलं जात होतं की काही झालंच नाही. तरी अंथरूण ओलं होत होतं. गवगव्यानं नुकसान होतं म्हणे! गवगवा झाला तर त्या माणसाचं नुकसान होतं, म्हणून यांच्या पोटात गोळा येतो. शिकलेला बोलला की तो विचार, आणि मी बोलले की उचलली जीभ लावली टाळ्याला. असो. असो कशाला म्हणू? नसो.

लग्न आमच्या दारात. मांडवाला आंब्याचे डहाळे कुठून आणणार, तर मामानं पाठवलेली वाढंच छताला टाकली होती. दुपारपर्यंत आळीतल्या दोन गाई दावं तोडून मांडव खायला आल्या. जेवणाला गव्हाची लापशी, तीही मामाच्या गुळाची. सगळ्या मांडवात तो वास. मी आत मुंडावळ्या बांधून बसले होते आणि उलटी दाबत होते.

आमच्याकडं रीत अशी, की नवरीला मामानं कडेवर उचलून मांडवात आणायची. अंतरपाटाजवळ उतरवायची आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. हा मामाचा मान. बापाला नाही, चुलत्याला नाही. मामा नसेल तर नात्यातला, आईच्या गावचा कुणीतरी मामा म्हणून उभा करतात, पण त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. दहा गावची माणसं ते बघायला टाचा उंच करतात. मला वाटलं होतं तेवढं सोसू. डोळे मिटून घेऊ. धाकटीचं काय करायचं ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं.

भटजींनी बाहेरून पुकारलं, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. मामा दारातून आत आला. गुलाबी फेटा, नवं धोतर. आणि त्याचं बोट धरून धाकटी. त्यानं आणलेला फ्रॉक घातला होता तिनं, आनंदानं नुसती उड्या मारत होती, तिची पिशवीही भरून तयार होती. तो वाकला, दोन्ही हात पुढं केले आणि हसून म्हणाला, चल गं हावरे, आता शेवटचं उचलतो.

मला जे सुचत नव्हतं ते त्या क्षणी सुचलं. राग आला की माणसाचं डोकं जातं म्हणतात, माझं आलं. मी त्याचा हात झटकला, धाकटीचं मनगट धरलं आणि तिला ओढत माझी मी चालत मांडवात गेले. नवरी पायानं चालत आली म्हणून बायका कुजबुजायला लागल्या. वाजंत्री वाजत होती. मी वाजवणाऱ्याला हातानं थांबवलं, आणि तो थांबला याचं मला अजून नवल वाटतं.

“ह्यो मानूस माझ्या मागं हुबा ऱ्हानार न्हाई,” मी म्हणाले. “मी ल्हान असताना दर उन्हाळ्याला ह्यानं माझ्या अंगाशी घान केली. आता माझ्या भनीला न्यायला आलाय.”

एवढंच बोलले. पाठ करून ठेवलं असतं तर इतकं नीट आलं नसतं. आईनं छाती पिटून घेतली, माझं म्हायेर जाळलंस म्हणाली. गुरुजी खाली बघत होते. मग पुरुषांकडून आवाज यायला लागले. पोरीवर करणी झालीय. एवढी वर्षं गप्प का बसली? पुरावा काय? माळकरी माणूस तो, दुष्काळात गाव जगवला त्यानं. एक म्हातारा तर स्पष्टच म्हणाला की हिच्या एका शब्दानं उद्यापासून वाढं बंद होतील, जनावरं काय हिच्या सासरी चारायची? मी त्याच्याकडं बघत राहिले. म्हणजे भाव ठरला होता. एका पोरीच्या बदल्यात वाढ्याचा ट्रक.

मामा दुखावलेल्या साधूसारखं तोंड करून उभा राहिला.

आता सगळं नवऱ्याच्या आईच्या हातात होतं. ती उठून गेली असती तर लग्न मोडलं असतं, मी वेडी ठरले असते, आणि वेडीच्या शब्दावर धाकटीला कुणी ठेवून घेतलं नसतं. ती संध्याकाळी ट्रकमध्ये असती. माझी सासू, म्हणजे व्हायची सासू, तीही दुष्काळी कामावर जाणारी बाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझा हातही बघितला. मग भटजींना विचारलं, मुहूर्त किती राहिलाय? थोडाच राहिलाय म्हणाले. ती म्हणाली, मामा बदला, दुसरा उभा करा.

आईच्या गावचे बरेच पुरुष मांडवात होते. आबांनी एकाला विनवलं, तो पाटाच्या पाण्याला मामाच्या खालच्या बाजूला होता, मामानं सोडलं तरच त्याच्या शेताला पाणी, त्यानं मान फिरवली. दुसरा म्हणाला मला यात घेऊ नका. तिसरा आधीच मांडवाबाहेर गेला होता. सगळे माझे मामाच, चुलत, मावस, लांबचे. एकही उठला नाही. नवऱ्याकडची म्हातारी माणसं उपरणी झटकायला लागली. मामाच्या ओठाच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं. कुणाला दिसलं नसेल, मला दिसलं. मी ते तोंड ओळखून होते.

तेव्हा बायकांच्या बाजूनं मामी उठली. मामाची बायको. पुरुषांसमोर तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, तशीच चालत आली आणि माझ्या पाठीशी उभी राहिली.

“मी हुबी ऱ्हाते,” ती म्हणाली. “मामाच्याच घरची हाय मी. पोरीचं खरं हाय. मला ठावं हाय.”

भटजी म्हणाले, बाईमाणूस कसं चालेल? आणि मामा, जो इतका वेळ साधू होऊन उभा होता, त्याचा तोल गेला.

“घरी चल, मंग दावतो तुला,” तो म्हणाला.

खोटं बोलतेस, असं नाही म्हणाला तो. घरी चल म्हणाला. सगळ्या मांडवानं ऐकलं. माझ्या सासूनं भटजींना सांगितलं, उभी राहू द्या, अक्षता वाटा.

मामा जाऊही शकत नव्हता, गेला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं. तो नवरदेवाच्या बाजूला जाऊन बसला, बरोबर माझ्या समोर. मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि ती चालू आहेत तोवर पुढचं सांगून टाकते. वाढं बंद झाली. आमचा एक बैल गेला, आळीतली आणखी जनावरं गेली, आणि गाव म्हणालं हिच्या जिभेनं मेली. जनावरांचं मला वाईट वाटलं, गावाचं नाही. मामीला त्यानं गुरासारखं मारलं. ती लेकीला घेऊन माहेरी निघून गेली आणि परत आली नाही. मी तिच्या पाया पडले आहे, पण तिला सगळं माफ केलेलं नाही. ठाऊक होतं ना बाई तुला, मग इतके उन्हाळे माझं अंथरूण कुठं घालत होतीस? ती म्हणाली, माझं त्याच्यापुढं काय चालत होतं. असेल. माझा नवरा भला निघाला. तरी कितीतरी दिवस त्यानं मागून खांद्याला हात लावला की माझ्या हातातलं भांडं पडायचं. तो बिचारा आधी खोकायचा, मग जवळ यायचा. धाकटी घरीच राहिली, मिलो खाऊन वाढली, शाळा अर्धवट सुटली. मामाकडं असते तर मास्तरीण झाले असते, असं ती मला भांडणात ऐकवते. ऐकवू दे. तिची झोप शांत आहे, अंगावर कुणी पांघरूण घातलं तर ती किंचाळत उठत नाही. हे माझ्यामुळं आहे हे तिला कधी पटणार नाही.

मामाचं म्हणाल, तर त्याला कुणी जेलात घातलं नाही. कोण घालणार? पण नात्यात जिथं जिथं त्याच्या भाचीचं लग्न निघालं तिथं मी गेले, आमंत्रण असो नसो, आणि पुढं जाऊन बसले. भटजींनी मुलीचे मामा म्हणून पुकारलं की मी नुसती त्याच्याकडं बघायचे. पहिल्यांदा तो उठायला गेला आणि खाली बसला. मग गुडघे दुखतात म्हणायला लागला. मग लग्नाला येणंच बंद झालं. मला याचा आनंद झाला. लाज नाही वाटत सांगायला, फार आनंद झाला.

मंगलाष्टकं संपली. मागं मामीचा श्वास मानेवर येत होता. डाव्या हातात धाकटी, रडून रडून लाल झालेली, ट्रकमध्ये बसायचं म्हणून हट्ट करत होती. तिचं मनगट मी सोडलं नव्हतं, म्हणून माझी वरमाला सासूनं धरली होती. भटजी शुभ मंगल सावधान म्हणाले, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली गेला. अशा वेळी नवरीनं पहिल्यांदा नवऱ्याचं तोंड बघायचं असतं. माणसं हसत होती, नवरा माझ्याकडं बघत होता. मी त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं, मामाकडं, आणि बघत राहिले. सासू हळूच म्हणाली, हार घाल. मी थांबले. मामानं फेटा सारखा केला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि शेवटी मान खाली घातली.

मग मी नवऱ्याकडं बघितलं.